कोण गेलं?

वाद्यसंगीतातल्या तुमच्या आवडत्या रचनांबद्दल बोला, असं मला आकाशवाणीनं सुचवलं. सिनेमातल्या पार्श्वसंगीतापासून शास्त्रीय मैफलीपर्यंत काहीही चालेल, अशी सवलतही दिली. मी होकार दिला आणि मग विचारात पडलो. मी कविता लिहिणारा माणूस. ज्यात शब्दच नाहीत त्याबद्दल बोलायचं, आणि बोलायचं ते शब्दांतच! शिवाय माझं बी.ए. मराठीतलं. सरगम कधी शिकलो नाही. दोन राग शेजारी ठेवले तर त्यातला एखादा ओळखेन, दुसऱ्याची खात्री नाही. तेव्हा आज जे सांगणार आहे ते वाजवणाऱ्याच्या बाजूनं नव्हे, नुसत्या ऐकणाऱ्याच्या बाजूनं. तेही नागावच्या ओटीवर बसून ऐकणाऱ्याच्या.

अलिबागहून रेवदंड्याला निघालं की आधी अक्षी लागतं, मग नागाव. अष्टागरातलं गाव. समुद्राच्या अंगाला सुरूचं बन आणि अलीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या. मी लहान होतो तेव्हा काही वाड्यांत अजून रहाट चालत होते. माझ्या कानाला ओळखीचं झालेलं पहिलं वाद्य म्हणजे हा रहाट. लाकडी चाकांची करकर, गाडगं पाण्यात बुडताना होणारा डुबुक आवाज, वर येऊन पन्हळीत ओततानाची खळखळ, की पुन्हा करकर. एक फेरा पुरा झाला की सम आलीच म्हणून समजा. बैल थबकला तर आत तांदळाच्या भाकऱ्या थापणाऱ्या अम्मीला न बघता कळायचं. ती चुलीपुढूनच ओरडायची, "अरे, बैल उभा राहिलाय!" पुढे विजेचे पंप आले. पाणी जास्त आलं, आवाजही जास्त आला. पण त्या आवाजाला चढउतार नव्हता, त्यामुळे तो कुणी ऐकत नसे.

दुसरं वाद्य म्हणजे रेडिओ. आमच्या घरचा रेडिओ आजोबांच्या ताब्यात असे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दादांचा नियम असा, की रेडिओ बातम्यांसाठी लावायचा आणि बातम्या संपल्या की बंद करायचा. सेल महाग होते, आणि सिनेमातली प्रेमाची गाणी पोराबाळांसमोर नकोत असं त्यांचं मत होतं. पण बातम्या चुकू नयेत म्हणून ते रेडिओ पाच मिनिटं आधीच लावत. त्या पाच मिनिटांत आधीचा कार्यक्रम लवकर संपला की निवेदक म्हणायचे, ऐका वाद्यसंगीत. मग कधी बासरी, कधी सतार, कधी गिटार. याला दादांची हरकत नव्हती. "यात बोल कुठे आहेत? वाजू दे." आता धर्मशास्त्र बघायला गेलं तर मौलवींचा आक्षेप उलट वाद्यांवरच जास्त असतो. पण दादांचा हिशोब त्यांचा स्वतःचा होता आणि आमच्या पथ्यावर पडणारा होता, त्यामुळे आम्ही कुणी त्यांना शास्त्र सांगायला गेलो नाही. असा मी वाद्यसंगीताचा श्रोता झालो, पाच-पाच मिनिटांच्या हप्त्यांनी.

त्या हप्त्यांत दोन तऱ्हेचं संगीत असायचं, हे मला पुढे कळलं. एक म्हणजे गाण्यातले शब्द काढून घेऊन उरलेलं. पुण्याचे इनॉक डॅनियल्स अ‍ॅकॉर्डियनवर सिनेमातल्या गाण्यांच्या धुना वाजवत, सुनील गांगुली हवाईयन गिटारवर. त्यांच्या तबकड्या घरोघर गेल्या. ऐकायला गोड. पण ऐकताना आपण मनातल्या मनात गाण्याचे शब्द म्हणतच असतो. म्हणजे दादांच्या नाकासमोर आम्ही प्रेमाची गाणीच ऐकत होतो! दुसरी तऱ्हा म्हणजे ज्याला शब्द कधी नव्हतेच असं संगीत. त्याचं काय करायचं हे मनाला चटकन कळत नाही. धरायला दांडी नाही. मग मन काय करतं, तर ते संगीत जिथं ऐकलं, ज्या वेळी ऐकलं, ज्या माणसांत ऐकलं, ते सगळं त्याला चिकटवून टाकतं आणि तोच त्याचा अर्थ मानतं. आज मला खरं तर याच चिकटवण्याबद्दल बोलायचं आहे.

आकाशवाणीची ती सुरुवातीची धूनच घ्या. तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिनचे काही मोजके स्वर. माझ्या पिढीतल्या लाखो लोकांना ती धून म्हणजे पहाट, शाळा, चहाचा वास. ती बांधली वॉल्टर कॉफमन नावाच्या ज्यू संगीतकारानं. कार्ल्सबाडला जन्मलेला, प्रागमध्ये वावरलेला हा माणूस हिटलरच्या काळात, १९३४ साली मुंबईत आला आणि पुढे मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचा प्रमुख झाला. १९४६ पर्यंत तो भारतात होता. धून आहे शिवरंजनीच्या अंगाची. आमच्या अलिबागच्या बाजूला बेने इस्राएल, म्हणजे आमच्याकडे ज्यांना शनिवार तेली म्हणत, ते ज्यू लोक कित्येक शतकं राहिलेले. पण आपल्या सकाळी ज्या धुनेनं उजाडतात ती घरदार सोडून आलेल्या एका ज्यू माणसानं रचली आहे, हे त्यांच्यापैकी कुणाकडून मी ऐकलं नाही आणि आम्हालाही कुणी सांगितलं नाही. आम्हाला त्यात परदेश कधी ऐकू आलाच नाही.

आता 'नागिन'ची गंमत सांगतो. १९५४चा सिनेमा, संगीत हेमंतकुमारांचं. त्यातली पुंगीची धून ठाऊक नाही असा माणूस आपल्याकडे सापडायचा नाही. सिनेमा लागला की थिएटरात खरे साप येतात, अशा बाता लोक मारत. पण त्या धुनेत पुंगी नाहीच! ते आहे क्लॅव्हिओलीन नावाचं विजेवर चालणारं, फ्रान्समध्ये बनलेलं छोटं वाद्य. कल्याणजींनी ते वाजवलं. पुढे कल्याणजी-आनंदजी म्हणून गाजले तेच हे कल्याणजी. आणि जोडीला हार्मोनियमवर होते रवी, तेही पुढे नामांकित संगीतकार झाले. गारुड्याची खरी पुंगी ऐकलीत तर ती या धुनेपुढे रुक्ष वाटेल. सापाचं म्हणाल, तर तो पुंगीच्या सुरापेक्षा तिच्या हालण्याकडे बघून डोलतो.

याच्या पुढची पायरी आमच्या रायगड जिल्ह्यात बघायला मिळते. आमच्याकडे हळदीला बेंजो लागतो. आगरी असो, कोळी असो, अगदी आमच्याही लग्नांत कधी कधी. हा बेंजो म्हणजे अमेरिकेतला तंतुवाद्याचा प्रकार नव्हे. लांबट पेटी, तिच्यावर तारा, आणि तारा दाबायला टाइपरायटरसारखी बटणं. एका हातानं बटणं दाबायची, दुसऱ्या हातातल्या पट्टीनं तारा छेडायच्या. बाजारात याला बुलबुल तरंग म्हणतात. त्याला वायर जोडून आवाज मोठ्या कर्ण्यांतून सोडला की झाली बेंजो पार्टी. हे वाद्य मूळचं जपानी. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी 'ताइशोगोतो' या नावानं ते बनवलं, आणि पुढे ते व्यापाराच्या वाटेनं हिंदुस्थानात आलं. आता जरा जुळवून बघा. हळदीच्या रात्री बेंजोवर 'नागिन'ची धून लागते. कुणीतरी काका तोंडात रुमालाचं टोक धरून पुंगी करतात, कुणी भाचा जमिनीवर लोळत नाग होतो. सापाचा देश आपला, धून बंगाली संगीतकाराच्या सिनेमातली, आवाज फ्रेंच यंत्राचा, आणि तो वाजतोय जपानी पेटीवर, नागावात. आणि आम्ही सगळे छातीठोकपणे म्हणतो, ही आमची पारंपरिक हळद! मला यात काही वावगं वाटत नाही. वाद्याला जन्मगाव असतं, पण ते तिथंच राहिलं पाहिजे असं काही नाही.

'शोले'बद्दल थोडक्यात. तो १९७५ला आला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, पाहिला बराच नंतर. त्यातले संवाद लोकांना पाठ असतात, मला मात्र त्यातली न बोलण्याची जागा आठवते. संध्याकाळ झालेली आहे. ठाकूरची विधवा सून वाड्यातले दिवे मालवते आहे, आणि समोर बसलेला जय माउथऑर्गन वाजवतो आहे. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. राहुलदेव बर्मन यांनी तिथं दोन ओळींचं गाणं घातलं असतं तर सगळं मुसळ केरात गेलं असतं. तो माउथऑर्गन वाजवणारे भानू गुप्ता. ही नावं आपल्याला माहीत नसतात. आपल्या सिनेसंगीताचा केवढा तरी भाग गोव्याच्या, बंगालच्या, पारशी घरांतल्या अशा वादकांनी उचलून धरला आणि पडद्यावर नाव आलं एकट्या संगीतकाराचं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचं नाव तेवढं घरोघर गेलं, तेही त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी'तल्या नायकाच्या गाण्यात ते नाव आणलं म्हणून. लोकांना वाटलं, ते एक विनोदी पात्र आहे.

आमच्या घरी दादांचा अंमल संपला तो १९८०च्या सुमारास. धाकटे चाचा कुवेतहून आले आणि टू-इन-वन घेऊन आले. आमच्या किनाऱ्यावर आखातातून आलेल्या पेटीत काय असे, तर अत्तर, घोंगडीसारखी जाड ब्लँकेटं आणि टू-इन-वन. चाचांनी आणलेल्या कॅसेटींत बहुतेक कव्वाल्या होत्या. एक मात्र वेगळी निघाली, 'कॉल ऑफ द व्हॅली'. १९६७ची ध्वनिमुद्रिका. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. एचएमव्हीत ती घडवून आणली जी. एन. जोशी यांनी. मराठी भावगीताच्या पहिल्या गायकांपैकी एक, ते हेच जोशी. म्हणजे शब्दांना जपणाऱ्या एका मराठी माणसानं ही बिनशब्दांची वस्तू आपल्या हाती दिली. कल्पना साधी आहे. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा एक दिवस. पहाटेला अहिरभैरव, दिवस चढत जातो तसे राग बदलत जातात आणि अखेरीला पहाडी. कुणी न सांगता मला त्यातला दिवस कळत होता. अर्थात काश्मीर मी पाहिलेलं नव्हतं. माझा मेंढपाळ सुरूच्या बनातून चालत होता आणि त्याच्यासमोर डोंगराऐवजी कुलाब्याचा किल्ला होता.

संतूर हे काश्मीरच्या सूफियाना संगीतातलं वाद्य, सुमारे शंभर तारांचं. ज्या दोन हलक्या लाकडी काड्यांनी ते वाजवतात त्यांना कलम म्हणतात. कवीला हे ऐकून किती बरं वाटलं असेल, सांगायला नको. पण त्याची एक अडचण आहे. काडी तारेवर पडते, स्वर उमटतो आणि विरतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, म्हणजे मींड, त्याला सहजासहजी जमत नाही. म्हणून सुरुवातीला जाणकारांनी नाकं मुरडली होती. शिवकुमारांनी तारांवर काडी अलगद घसरवत नेऊन त्यातून वाट काढली. तरी संतूर ऐकताना मला नेहमी ठिपक्यांची रांगोळी दिसते. ठिपके त्यांचे, रेघा आपण ओढायच्या. याच्या अगदी उलट वाद्य म्हणजे सारंगी. तिच्यात ठिपके नाहीतच, सगळी रेघच. आणि या रेघेपाशी मला थांबावं लागणार आहे.

ज्यांचं वय पन्नाशीच्या पुढे आहे त्यांना सांगायला नको. मोठा नेता गेला की रेडिओवरचे नेहमीचे कार्यक्रम बंद होत आणि सारंगी लागे. बातम्या, सारंगी, पुन्हा बातम्या, पुन्हा सारंगी. लोक बातमीची वाटही बघत नसत. रेडिओतून तो सूर आला की आमची दादी सुपातले तांदूळ तसेच ठेवून विचारायची, "कोण गेलं?"

३१ ऑक्टोबर १९८४. त्या संध्याकाळीही तिनं तेच विचारलं. इंदिरा गांधी गेल्या होत्या. मी दहावीत होतो. आमच्या घरात त्या वेळी अब्बा कावीळ होऊन पडून होते. दसऱ्यापासून दुखणं वाढत गेलं होतं. औषधं चालू होती, झाडपाल्याचंही झालं होतं. शेजारच्या घरांतून दिवसभर सारंगी ऐकू यायची. वाडीतून, रस्त्यावरून, जिथून जावं तिथून. २ नोव्हेंबरच्या रात्री अब्बा गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्यांना कब्रस्तानात नेलं. तिकडे दिल्लीत त्याच दिवशी इंदिराजींचे अंत्यसंस्कार होत होते आणि गावभर रेडिओ लागलेले होते. आम्ही घरून निघालो तेव्हा कुठल्यातरी घरात सारंगी चालू होती. आमच्यासाठी नव्हती ती. पण हे पंधरा वर्षांच्या मुलाला आणि अडतिसाव्या वर्षी विधवा झालेल्या बाईला कोण समजावून सांगणार?

अम्मी रडली नाही. म्हणजे आवाज करून रडली नाही. बायका तिच्याभोवती बसून होत्या. कुणी तिला हलवून बोलतं करायला बघत होत्या, तिच्या तोंडून आवाज निघाला नाही. चाळिसावा झाल्यावर घरात रेडिओ पुन्हा लागला. तेव्हापासून एकच झालं. सारंगी लागली की ती म्हणायची, "बंद कर." कुठलीही सारंगी असो, ओ. पी. नय्यर यांच्या हसऱ्या, टांग्याच्या ठेक्यावरच्या गाण्यात मधेच येणारी का असेना. आम्ही बंद करायचो. चाळीस वर्षं आमच्या घरात सारंगी वाजली नाही.

मी कॉलेजात गेल्यावर मात्र या वाद्याबद्दल वाचायला लागलो. थोडं चोरून केल्यासारखंच वाटायचं. सारंगी एकाच लाकडाच्या ठोकळ्यातून कोरून काढतात. खालच्या पोकळीवर बकऱ्याचं कातडं मढवतात. वर तीन जाड तारा, तात म्हणतात तिला, आतड्यापासून बनवलेली. आणि त्यांच्याखाली पस्तीस-छत्तीस बारीक तरफा, ज्यांना कुणी हात लावत नाही, पण वरची तार बोलली की त्या आपोआप गुणगुणतात. सारंगिया तार बोटाच्या टोकानं दाबत नाही, नखाच्या मुळाशी जी कातडी असते तिनं बाजूनं रेटतो. वर्षानुवर्षं तिथं घट्टे पडतात. सतारीसारखे पडदे नाहीत, त्यामुळे स्वरांच्या मधली सगळी जागा मोकळी. माणसाचा गळा जसा एका स्वरावरून दुसऱ्यावर ओघळतो तसंच हे ओघळतं. म्हणून तर ती गाणाऱ्याच्या मागे बसून त्याच्या गळ्याची सावली होऊन राहिली. लोकांना तिच्यात रडणं ऐकू येतं ते त्यामुळेच. पण ज्या गळ्याला रडता येतं त्याला हसताही येतं, थट्टाही करता येते, हे आपण विसरतो.

आता रेडिओचा यातला वाटा बघा. सारंगी जुळवायला वेळ लागतो, शिकायला आयुष्य जातं. हार्मोनियम आली तशी गवयांच्या मागची सारंगी उठत गेली. तिच्यावर कोठ्यांचा शिक्काही होता, चांगल्या घरांत तिला जागा नव्हती. अशात १९४० साली आकाशवाणीनं हार्मोनियमवरच बंदी घातली. ठरावीक पट्ट्यांच्या या वाद्यातून आपल्या संगीतातल्या श्रुती आणि मींड निघत नाहीत, असा आक्षेप होता. ही बंदी १९७१नंतर सैल झाली. मधल्या तीस वर्षांत रेडिओवर गवयांच्या साथीला सारंगी लागायची, म्हणून कित्येक सारंगियांना केंद्रांवर नोकऱ्या मिळाल्या. म्हणजे ज्या रेडिओनं सारंगीची चूल पेटती ठेवली, त्याच रेडिओनं तिला सुतकाचं वाद्य करून टाकलं. मुद्दाम कुणी केलं नसेल. शोकाच्या दिवशी गाणी लावायची नाहीत, मग काय लावायचं, तर सारंगीची टेप.

शहनाईचं नशीब वेगळं. तिला आपण मंगलवाद्य म्हणतो. सकाळी रेडिओवर तीच, लग्नात तीच. वसंत देसाई मूळचे कुडाळकडचे, आपल्या कोकणातले. त्यांनी 'गूंज उठी शहनाई' या १९५९च्या सिनेमासाठी बिस्मिल्ला खाँसाहेबांना वाजवायला बोलावलं आणि शहनाई घरोघर पोचली. पण खाँसाहेब मोहरमच्या आठव्या तारखेला काय करत? बनारसमध्ये दालमंडीपासून फातमानपर्यंत, सुमारे आठ किलोमीटर, उभ्यानं चालत, रडत, त्याच शहनाईवर नौहा वाजवत जात. कर्बल्याच्या शहिदांचा शोक. त्या दिवसांत राग वाजवत नसत. आणि एरवी त्यांचा रियाज बालाजीच्या देवळात. एकच वाद्य, एकच फुंक. लग्नातल्या माणसाला त्यात मांडव ऐकू येतो आणि मोहरमच्या माणसाला मातम. यात शहनाईचं स्वतःचं मत काय, हे तिला कुणी विचारत नाही.

आणखी एका सुराबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' १९५५चा, मी तो पाहिला फार उशिरा, टीव्हीवर. संगीत रविशंकरांचं, जवळजवळ सगळं एका रात्रीच्या बैठकीत ध्वनिमुद्रित झालेलं. त्यात एक जागा आहे. दुर्गा, ती मुलगी, वारली आहे. बाप परगावी होता, त्याला ठाऊक नाही. तो येतो, आणलेल्या वस्तू एकेक काढून दाखवतो, मुलीसाठी आणलेली साडी बायकोच्या हातात देतो. त्या साडीवर तोंड दाबून ती कोसळते. तिचं रडणं आपल्याला दिसतं, पण ऐकू येत नाही. त्या जागी राय यांनी तारशहनाई ठेवली आहे. नावात शहनाई असली तरी ते फुंकीचं वाद्य नव्हे. एस्राजाला ग्रामोफोनसारखा कर्णा जोडलेलं, गजानं वाजवायचं वाद्य आहे ते. दक्षिणामोहन ठाकुरांनी त्यावर पटदीप वाजवला आहे, वरच्या पट्टीत. तो पाहताना मी घरात एकटा होतो ते बरं झालं. ३ नोव्हेंबरच्या दुपारी आमच्या ओटीवर बसलेल्या अम्मीच्या तोंडून जो आवाज निघाला नव्हता, तो मला त्या दिवशी ऐकू आला. मी कवी आहे, अब्बांवर तीन-चार कविता लिहिल्या आहेत. त्यांतली एकही त्या अर्ध्या मिनिटाच्या जवळपास जात नाही, हे मी इथं कबूल करतो.

सारंगीला सुतकातून बाहेर काढायचं काम एका माणसानं आयुष्यभर केलं. पंडित रामनारायण. जन्म उदयपूरचा, १९२७चा. लाहोरच्या आणि मग दिल्लीच्या रेडिओवर साथीदार म्हणून नोकरी केली. गवयाच्या मागे बसून वाजवायचं, तेही त्याच्यापेक्षा जास्त वाजवायचं नाही, याचा कंटाळा आला तेव्हा १९४९ला मुंबईला आले. पोटासाठी सिनेमांत वाजवलं. 'मुघल-ए-आझम'मध्ये त्यांची सारंगी आहे, 'कश्मीर की कली'तही आहे. १९५४ साली कावसजी जहांगीर हॉलमध्ये एकट्यानं सारंगी वाजवायला बसले तर श्रोत्यांनी वाजवू दिलं नाही; ते दुसऱ्या बड्या कलावंतांसाठी आलेले होते. दोन वर्षांनी पुन्हा बसले, तेव्हा ऐकलं. पुढे जगभर मैफली झाल्या, २००५ला पद्मविभूषण मिळालं. मी त्यांना ऐकलं ते कॅसेटवर, मग सीडीवर, नेहमी घराबाहेर. मित्राच्या खोलीत, एसटीत कानाला वायर लावून.

९ नोव्हेंबर २०२४ला ते मुंबईत वारले. शहाण्णव वर्षांचे होते. त्यानंतरच्या एका संध्याकाळी मी ओटीवर बसून मोबाइलवर त्यांचा मारवा लावला होता, अगदी हळू. अम्मी आता ऐंशीच्या घरात आहे. मगरिबची नमाज झाल्यावर ती बाहेर येऊन कधी बसली ते मला कळलं नाही. कळलं तेव्हा मी घाईनं मोबाइलकडे हात नेला. ती म्हणाली, "राहू दे. नीट ऐकू येत नाही, वाढव जरा."

मी आवाज वाढवला. ती ऐकत राहिली, भिंतीला टेकून, डोळे उघडे. दहा-बारा मिनिटं तरी झाली असतील. मधे कुणीतरी रस्त्यावरून सलाम करून गेलं, त्यालाही तिनं मानेनंच उत्तर दिलं. सगळं संपल्यावर विचारलं, "कोण वाजवतोय हा?"

मी नाव सांगितलं. म्हटलं, "उदयपूरचे. मुंबईत राहायचे."

"आहे का?"

"नाही अम्मी. गेल्या आठवड्यात गेले."

"बघ," ती म्हणाली, "मी सांगत नव्हते? सारंगी लागली की कुणीतरी गेलेलं असतंच."

आणि मग उठता उठता म्हणाली, "दुसरं काही असेल त्याचं तर लाव."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)